मनाची चिकित्सा आणि वर्षांचा हिशेब

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशांची धावपळ सुरू झाली होती. आमच्या चिकित्सालयाशेजारी ज्यांचे औषधांचे दुकान आहे, ते गृहस्थ एका सायंकाळी आपल्या कन्येस घेऊन आमच्याकडे आले. गेली अठरा वर्षे आम्ही लिहून दिलेली चूर्णे, आसवे व घृते त्यांच्याच हातून रुग्णांपर्यंत पोहोचत आहेत. त्यामुळे संबंध घरगुती. मुलीला मानसशास्त्र शिकावयाचे होते. वडिलांचा प्रश्न सरळ होता : “वैद्यसाहेब, या पदवीला वर्षे किती लागतात? तीन वर्षांत हिची पाटी लागेल ना? दुकानाच्या माळ्यावर खोली रिकामीच आहे.”

“तीन वर्षे,” असे आम्ही तत्काळ सांगून टाकले. चहा झाला, मंडळी समाधानाने परतली. रात्री मात्र आमचेच मन स्वस्थ बसेना. दिलेले उत्तर असत्य नव्हते, परंतु ते अर्धे होते. आणि वैद्याने दिलेले अर्धे उत्तर पुष्कळदा असत्यापेक्षा अधिक अपाय करते. त्या प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. मानसशास्त्राची पदवी किती वर्षांत मिळते, हा पहिला. दुःखाने पोळलेल्या माणसासमोर चिकित्सक म्हणून बसण्याची पात्रता किती वर्षांत येते, हा दुसरा. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते समाजास दिसत नाही, विद्यार्थ्यांस उशिरा दिसते, आणि आपणा वैद्यमंडळींस ते पाहण्याची इच्छाच नसावी, अशी शंका येते. प्रस्तुत लेख त्या अंतराविषयी आहे.

हिशेब

प्रथम आकड्यांचा हिशेब मांडू. बारावीनंतर मानसशास्त्र हा विषय घेऊन बी.ए. होण्यास तीन वर्षे लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये आता चौथ्या वर्षाचा मार्गही खुला झाला असून, ते पूर्ण करणारास ऑनर्स पदवी मिळते. तीन वर्षांनंतर बाहेर पडणारास पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षे द्यावी लागतात. चार वर्षे पूर्ण करणारास एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेता येतो. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, कसेही मोजले तरी पदव्युत्तर पदवीपर्यंत पाच वर्षे होतात.

येथवर विद्यार्थ्याने मनाविषयीचे ज्ञान संपादन केले. रुग्णाची चिकित्सा करण्याचा अधिकार त्यास अद्याप प्राप्त झालेला नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्यास आपण व्यवहारात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, तो होण्यासाठी आजवरचा रूढ मार्ग असा राहिला : एम.ए. नंतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम, त्यात अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम, आणि त्यानंतर परिषदेच्या नोंदवहीत नाव. म्हणजे एकूण सात वर्षे. तीही प्रत्येक टप्प्यावर पहिल्याच प्रयत्नात प्रवेश मिळाला तर. या अभ्यासक्रमाच्या जागा थोड्या आणि इच्छुक फार, त्यामुळे मध्ये एखादे वर्ष वाया जाणे हे नित्याचेच.

या मार्गातही सध्या संक्रमण चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांद्वारे एम.फिल. ही पदवीच बंद केली. मात्र चिकित्सा मानसशास्त्रासाठी अपवाद करून तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. तेव्हा यापुढे या मार्गाने जाणाऱ्या विद्यार्थ्याने कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. ज्या संस्थेत व ज्या अभ्यासक्रमास प्रवेश घ्यावयाचा, तो त्या वर्षी पुनर्वास परिषदेच्या मान्य यादीत आहे किंवा नाही, हे स्वतः पाहून मगच शुल्क भरावे.

पीएच.डी. विषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. तिला किमान तीन वर्षे लागतात आणि नावापुढे ‘डॉ.’ लागते. परंतु ती संशोधनाची पदवी आहे. केवळ तिच्या बळावर कोणी रुग्णचिकित्सेस अधिकृत होत नाही. सामान्य माणसास मात्र फलकावरील ‘डॉ.’ एवढेच दिसते.

आता हा हिशेब आपल्या हिशेबाशेजारी ठेवून पाहावा. बी.ए.एम.एस. साठी आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, त्यापुढे एम.डी. साठी तीन, एकूण साडेआठ. आधुनिक वैद्यकातील मनोविकारतज्ज्ञासही एम.बी.बी.एस. ची साडेपाच व एम.डी. ची तीन, अशी साडेआठच वर्षे लागतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची सात. मार्ग निरनिराळे, परंतु मनाच्या चिकित्सेपर्यंत पोहोचण्यास सात ते साडेआठ वर्षे लागतात, यावर तिन्ही मार्गांचे एकमत दिसते. परदेशातही चित्र फार वेगळे नाही. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर पाच ते सात वर्षे डॉक्टरेटची व त्यानंतर राज्याचा परवाना. इंग्लंडात तीन वर्षांच्या पदवीनंतर तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट, आणि २००९ पासून तेथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे नामाभिधान नोंदणीवाचून लावणे हा गुन्हा ठरला आहे.

हे अंतर पडले कसे?

पदवी तीन वर्षांची व पात्रता सात वर्षांची, असे का व्हावे? बी.ए.एम.एस. उत्तीर्ण होणारा आंतरवासिता संपताच नोंदणी करून व्यवसायास बसतो. मग मानसशास्त्राच्या पदवीधराने का बसू नये? याचे उत्तर त्या विषयाच्या जन्मकथेत आहे.

मानसशास्त्र आपल्याकडे वैद्यकाच्या दारातून आले नाही, तत्त्वज्ञानाच्या दारातून आले. १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा उघडली आणि हे शास्त्र तत्त्वज्ञानापासून विभक्त होऊ लागले. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास त्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुढे ते देशभरच्या महाविद्यालयांत कला शाखेतील एक विषय म्हणून पसरले. इतिहास वा अर्थशास्त्र जसे ज्ञानासाठी शिकावे, तसेच हेही. पदवी अभ्यासक्रमाच्या रचनेत रुग्ण नव्हताच. रुग्णाशी गाठ घालून देणारे शिक्षण बंगळूरु येथे १९५४ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत रुजले. तीच संस्था १९७४ पासून निम्हान्स या नावाने ओळखली जाते. अशा रीतीने ज्ञानाची पदवी एकीकडे व चिकित्सेचे प्रशिक्षण दुसरीकडे, अशी विभागणी आरंभापासूनच झाली.

कायदाही या मागोमाग तुकड्यातुकड्यांनी आला. १९९२ च्या अधिनियमाने पुनर्वास परिषदेस वैधानिक रूप मिळाले आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तिच्या कक्षेत आले. अन्य मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना मात्र दीर्घकाळ कोणीच वाली नव्हता. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या अधिनियमाने प्रथमच त्यांना एका वर्गात आणले. त्याच अनुषंगाने विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे शिक्षण देण्यास मनाई केली. आम्ही या निर्णयाचे स्वागत करतो. ज्या विद्येत समोरच्या माणसाचा श्वास, डोळे व मौन वाचावयाचे असते, ती विद्या टपालाने किंवा पडद्यावरून कशी यावी?

तथापि मधली मोकळी जागा अजून भरलेली नाही. ‘समुपदेशक’ हा शब्द आज कोणीही आपल्या नावापुढे लावू शकतो. तीन महिन्यांचे, सहा आठवड्यांचे, क्वचित दोन रविवारांचे प्रमाणपत्र घेऊन लोक विवाह, नैराश्य, व्यसन व परीक्षेची भीती या सर्वांवर सल्ले देत आहेत. सात वर्षे खर्चणाऱ्या विद्यार्थिनीने एका बाजूस पाटी लावावी आणि दोन रविवार खर्चणाऱ्याने दुसऱ्या बाजूस; रुग्णास दोहोंतील भेद कळण्याचा मार्ग कोणता?

आणि येथेच आपल्यालाही आरशात पाहणे भाग आहे. कारण आपल्या गावागावांतील वैद्यांच्या फलकांवर ‘मूळव्याध, सांधेदुखी, त्वचारोग’ यांच्या खाली ‘मानसिक विकार व समुपदेशन’ ही ओळही असतेच. आमच्या स्वतःच्या फलकावर ती नऊ वर्षे होती.

ती ओळ आम्ही का पुसली

ही हकीकत सांगताना संकोच होतो, परंतु सांगितल्यावाचून या लेखास अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा एक तरुण आमच्याकडे आला. झोप नाही, भूक मंद, दोन महिन्यांत वजन उतरलेले, मलप्रवृत्ती अनियमित. नाडी पाहिली, जिव्हा पाहिली. अग्निमांद्य व वातप्रकोप ही संप्राप्ती आम्हांस स्पष्ट दिसली आणि ती चुकीची होती असे आजही वाटत नाही. दीपन-पाचन दिले, रात्री दुधातून अश्वगंधा, जोडीस ब्राह्मी व जटामांसी, पादाभ्यंग सांगितले. निघताना पाठीवर हात ठेवून म्हणालो, “मन खंबीर ठेव. तुझ्या वयाची मुले अशी खचत नाहीत.” पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. झोप किंचित सुधारली होती. आम्ही संतोषाने तीच औषधे पुढे चालू ठेवली.

तिसऱ्या वेळी त्याचे वडील एकटेच आले. मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला होता आणि तो जिल्ह्याच्या रुग्णालयात होता. वाचला, ही ईश्वराची कृपा. वडील रागावले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच विचारले, “डॉक्टर, तो तुमच्याशी काही बोलला होता का हो? तुम्ही त्याला विचारलं होतं का?”

आम्ही विचारले नव्हते. मलप्रवृत्ती विचारली, स्वप्ने विचारली, आहार-विहार विचारला. जगावेसे वाटते का, हे विचारले नाही. तो प्रश्न कसा विचारावा हेच आम्हांस ठाऊक नव्हते. विचारल्याने नसलेला विचार त्याच्या मनात आपणच घालू, अशी भीतीही कोठेतरी होती.

पुढे त्या तरुणावर मनोविकारतज्ज्ञ व एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ या दोघांनी मिळून उपचार केले. त्या मानसशास्त्रज्ञ बाई वयाने आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांची भेट घेऊन आम्ही आमची चूक सांगितली. त्यांनी दोष दिला नाही. आत्महत्येविषयी शांतपणे व थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट कोंडलेल्या माणसास बोलण्याची वाट मिळते, हे त्यांनी समजावून दिले. मग त्या आपल्या शिक्षणाविषयी बोलल्या. एम.ए. पर्यंतच्या पाच वर्षांत आपण मनाविषयी वाचले; पुढील दोन वर्षांत रुग्णासमोर गप्प बसणे शिकलो, असे त्या म्हणाल्या. प्रत्येक मुलाखत लिहून काढावयाची, ती वरिष्ठांपुढे ठेवावयाची, आणि ‘येथे घाईने धीर का दिलास? येथे विषय का बदललास?’ अशी झडती ऐकावयाची. ‘मन खंबीर ठेव’ हे वाक्य त्यांच्या पहिल्याच मुलाखतीत होते आणि ते लाल शाईने खोडले गेले होते.

ते ऐकताना आमच्या साडेपाच वर्षांचा आम्ही आढावा घेतला. उन्मादात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम होतो, हे आम्हांस मुखोद्गत होते. परीक्षेत त्यावर उत्तम गुण मिळाले होते. परंतु एखाद्या जिवंत रुग्णासमोर बसून, गुरूंच्या देखत, या आठांपैकी एकाचीही परीक्षा आम्ही कधी केली नव्हती. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. विद्यार्थिदशेत त्यांपैकी एकाचीही पायरी आम्ही चढलो नाही. आमच्या पिढीतील बहुतेकांचा अनुभव याहून निराळा असेल असे वाटत नाही. घरी परतल्यावर फलकावरील ती ओळ आम्ही पुसून टाकली.

आपले शास्त्र काय सांगते?

कोणी म्हणेल, हा आयुर्वेदाचा कमीपणा सांगणे झाले. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीस सत्त्वावजय ही तिसरी स्वतंत्र चिकित्सा सांगितली. अहितकर विषयांपासून मनास आवरणे हे तिचे स्वरूप. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही मानसदोषांवरील साधने. औषधी द्रव्यांहून वेगळी अशी मनाची चिकित्सा असते, हे ज्या शास्त्राने इतक्या पूर्वी ओळखले, त्याच्या उपासकांनी ती चिकित्सा न शिकताच फलकावर लिहावी, यातच त्या शास्त्राचा खरा अवमान आहे. सत्त्वावजय म्हणजे ब्राह्मीघृत लिहून देऊन वर चार उपदेशाची वाक्ये सांगणे नव्हे.

सुश्रुताचार्यांनी तर शिक्षण व अधिकार यांतील अंतर आपल्यासाठी आधीच मोजून ठेवले आहे. केवळ शास्त्र जाणणारा व कर्म न केलेला वैद्य रुग्णासमोर येताच रणांगणावरील भित्र्यासारखा गोंधळतो. शास्त्र व कर्म यांपैकी एकच जाणणारा हा एका पंखाच्या पक्ष्यासारखा असतो, हा त्यांचा अभिप्राय. म्हणूनच त्यांनी शस्त्रकर्मापूर्वी फळे-भाज्यांवर हात बसविण्याचा योग्याविधी सांगितला, आणि व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी राजाची अनुज्ञा आवश्यक मानली. अध्ययन, योग्या व राजाज्ञा हे तीन टप्पे. आजच्या भाषेत पदवी, देखरेखीखालील प्रशिक्षण आणि नोंदणी. मानसशास्त्राची सात वर्षे या तीन टप्प्यांहून वेगळे काय सांगतात? शल्यकर्मात योग्याविधी हवा असे म्हणणारे आपण, मनाच्या बाबतीत मात्र तो अनावश्यक मानतो. कारण मनाला झालेली जखम रक्त दाखवीत नाही.

कायद्यानेही आपणास दार बंद केलेले नाही, उलट उघडून दिले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या संज्ञेत ‘मनोविज्ञान एवं मानसरोग’ या विषयात आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या वैद्याचा स्पष्ट समावेश आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीचा त्यात समावेश नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे ध्यानी घ्यावे. तसेच जेथे मानसिक रुग्णांना दाखल करून घेतले जाते त्या आयुर्वेदीय रुग्णालयासही या अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते. केरळात कोट्टक्कल येथे आयुर्वेदाचे शासकीय मानसरोग रुग्णालय चालते, आणि मानसरोगातील पदव्युत्तर शिक्षणाची परंपरा केरळ व कर्नाटकात रुजली आहे. महाराष्ट्रातील किती पालक-वैद्यांनी आपल्या मुलांस या विषयाकडे वळविले? पंचकर्म, स्त्रीरोग व शल्य यांकडे ओघ लागतो. मानसरोग हा उरलेल्यांचा विषय मानला जातो.

एक रास्त आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी झाली. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांत त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला आणि विकारानुरूप ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित दिसले. अशा देशात सात-सात वर्षांची अट घालून बसलो तर खेड्यातील रुग्णाने जावे कोठे? त्याच्यासमोर पहिला उभा राहतो तो आपल्यासारखा वैद्य, किंवा औषधांच्या दुकानातील मालक. त्यांनी हात झटकावेत काय?

मुळीच नाही. परंतु प्रथमोपचार व चिकित्सा यांत भेद आहे. सर्पदंशाचा रुग्ण आला तर त्यास धीर देणे, दंश झालेला अवयव हलू न देणे व तातडीने रुग्णालयात पोहोचविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य. म्हणून प्रत्येकाने विषचिकित्सक असा फलक लावावा असे होत नाही. मनाच्या बाबतीतही ऐकून घेणे, न लाजता योग्य प्रश्न विचारणे, धोका ओळखणे व योग्य ठिकाणी पाठविणे यांस सात वर्षे लागत नाहीत. काही दिवसांचे चांगले प्रशिक्षण पुरेसे होते. निदान व मनोपचार यांस मात्र वर्षेच लागतात, आणि त्यांना पर्याय नाही. टंचाई आहे म्हणून पात्रतेचे माप लहान करणे म्हणजे धान्य कमी पडले म्हणून शेरच छोटा करण्यासारखे आहे. मोजून पाहता पोती वाढतात. पोट भरत नाही.

आपल्या हातात काय आहे?

संघटनेपुढे व वाचकांपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली : ज्या वैद्यांपाशी मानसरोगातील पदव्युत्तर पदवी नाही, त्यांनी फलकावरून व पत्रकांतून ‘समुपदेशन’ व ‘मानसोपचार’ हे शब्द काढावेत. हे कोणाच्या भयाने नव्हे, आपल्या शास्त्राच्या प्रतिष्ठेसाठी.

दुसरी : प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या भागातील मनोविकारतज्ज्ञ, नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व मानसरोग विषयातील एम.डी. वैद्य यांची यादी करून ती सर्व सदस्यांस द्यावी. रुग्ण पाठविणे म्हणजे रुग्ण गमावणे, ही भावना आपण सोडली पाहिजे. आमचा तो तरुण पुढे पथ्य, निद्रा व अग्नी यांसाठी आमच्याकडेच येत राहिला आणि दोन्ही चिकित्सा परस्परांच्या माहितीने चालल्या.

तिसरी : वार्षिक परिसंवादात द्रव्यगुण व पंचकर्म यांच्या बरोबरीने एक सत्र रुग्णाशी बोलण्याच्या विद्येस द्यावे, आणि ते घेण्यास मानसशास्त्रज्ञांस पाचारण करावे. तद्विद्यसंभाषेची परंपरा आपलीच आहे.

चौथी सूचना औषधविक्रेत्यांस. झोपेच्या गोळीसाठी वारंवार येणारा गिऱ्हाईक तुम्हांस आमच्याआधी दिसतो. अल्प्राझोलॅम, डायझेपॅम, नायट्राझेपॅम यांसारखी औषधे ‘एच-१’ परिशिष्टात आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. ही नोंदवही केवळ निरीक्षकासाठी ठेवू नये. कोणाचे नाव तीत वरचेवर येते हेही पाहावे. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ असे म्हणून सर्पगंधायुक्त गोळ्या झोपेसाठी हातोहात देणे टाळावे. सर्पगंधेतील रेझर्पिन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळे काढले गेले, ते रक्तदाबावर व उन्मादावर वापरात आले, आणि काही रुग्णांत त्याने खिन्नता वाढते, हा इशारा त्याच दशकात मिळाला. खिन्न मनुष्यास झोप लागत नाही म्हणून नेमके तेच द्रव्य त्याच्या हाती ठेवणे किती घातक! त्याऐवजी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत दुकानात लावावा. २०२२ पासून शासनाने चालविलेली ही सेवा विनामूल्य आहे.

पाचवी सूचना आपणां सर्वांस, पालक म्हणून. मुलगा वा मुलगी मानसशास्त्र घेऊ इच्छित असेल, तर त्यांस तीन वर्षांचे आश्वासन देऊन पाठवू नये. सात वर्षांचा नकाशा प्रथमच समोर ठेवावा. ज्यास एवढे चालणे नको असेल त्याने बी.ए. अवश्य करावे; ते शिक्षण अध्यापनात, उद्योगात, समाजकार्यात उपयोगी पडते व माणूस म्हणून समृद्ध करते. फक्त ती पदवी घेऊन रुग्णासमोर बसू नये.

त्या मुलीस व तिच्या वडिलांस आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलाविले आणि आमचे अर्धे उत्तर पूर्ण केले. सात वर्षे ऐकून वडील गप्प झाले. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी गणित केले व म्हणाले, “म्हणजे तोवर मी साठीला येईन.” मुलगी मात्र म्हणाली, “बाबा, सात वर्षं काय, तशीही जाणारच आहेत.” तिने मानसशास्त्रास प्रवेश घेतला आहे. माळ्यावरची खोली तूर्त खोक्यांनीच भरलेली आहे, आणि सात वर्षे तशीच राहिली तरी हरकत नाही, असे आता तिचे वडीलच सांगतात.

आमच्या फलकावरील पुसलेल्या ओळीची खूण अद्याप दिसते. नवा रंग देण्याचा विचार अनेकदा केला, पण दिला नाही. वैद्यबंधू-भगिनींनी आपापले फलक एकवार वाचून पाहावेत आणि त्यावरील प्रत्येक शब्दामागे आपण किती वर्षे दिली, याचा हिशेब स्वतःशीच करावा, एवढीच विनंती.